हात खळीत असताना

पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर असायला हव्यात. रिपोर्टवर चारशे होत्या.

प्रयोगशाळेला वाटलं, मशीन बिघडलं. त्यांनी पुन्हा रक्त मागवलं, पुन्हा मोजलं. तीनशे ऐंशी. मग मात्र किडनीच्या डॉक्टरांनी तळमजल्यावर फोन लावला.

"बाई, असाल तशा वर या."

तळमजल्यावर औषधांचं कोठार होतं आणि त्या कोठारावर राज्य होतं हॉस्पिटलच्या फार्मासिस्टबाईंचं. वय सत्तावन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चाल संथ. सगळं हॉस्पिटल त्यांना पाठीमागे 'चाळणीबाई' म्हणे, कारण डॉक्टरांची कुठलीही चिठ्ठी त्यांच्या हातून गाळून निघाल्याशिवाय वॉर्डात जात नसे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाईंना ते नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

चार नंबरची खोली काचेची होती. आत पलंगावर बावन्न वर्षांचा एक कारागीर पडला होता. शाळांना, संग्रहालयांना लागणारे पृथ्वीचे गोल बनवणं हा त्याचा धंदा. सहा वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा बायकोने स्वतःची एक दिली. ती किडनी अजून ठणठणीत चालली होती. बंद पडलं होतं ते भलतंच.

"हाडातला मगज रक्त बनवेनासा झालाय," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी ताप घेऊन आला तेव्हा पेशी अकराशे होत्या. आज गुरुवार, चारशेही नाहीत. तोंड आतून सोललंय. साधी सर्दी झाली तरी जाईल."

"अ‍ॅझाथायोप्रिन चालू होतं?"

"सहा वर्षं. आल्या दिवशीच बंद केलं." शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून धरणारी ही गोळी. ती जास्त गेली तर मगजालाच दाबते, हे दोघांनाही पाठ होतं. "जास्त गेलं असणार, दुसरं काय? रोजच्या दोन गोळ्यांच्या चार-चार झाल्या असतील."

"रक्त तपासत नव्हते?"

"दर तीन महिन्यांनी. मागच्या वेळी सगळं छान होतं. पुढची तपासणी दहा दिवसांवर होती."

"गोळ्या कोण देतं?"

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "बायको. आठवड्याचा डबा तीच भरते. पेशंटची बहीण म्हणते की हे तिनेच केलं. किडनी दिल्याचा पश्चात्ताप होतोय म्हणे. वरून हुकूम आलाय, बायकोला खोलीत सोडायचं नाही. चार वाजता पोलिसांना पत्र जाईल."

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजले होते.

खोलीबाहेर बाक होतं. त्याच्या एका टोकाला बायको बसली होती, दुसऱ्या टोकाला नणंद. मधे चार माणसं बसतील एवढी जागा रिकामी होती.

"बाटली आणलीत?" बाईंनी विचारलं.

बायकोने पिशवीतून बाटली काढली. "शंभराची आहे. सोमवारी यांना इथे आणलं, त्याच्या चौतीस दिवस आधी फोडली."

बाईंनी तिथेच ओंजळीत गोळ्या मोजल्या. रोज दोनप्रमाणे अडुसष्ट गेल्या पाहिजेत, बत्तीस उरल्या पाहिजेत. बत्तीसच होत्या.

"दुसरी बाटली असेल लपवलेली," नणंद भिंतीकडे बघत म्हणाली. "घर कुणी बघितलंय?"

"ताई, तुम्हीच बघितलंत. मंगळवारी माझी कपाटंसुद्धा उपसलीत," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चार दिवसांत रडून झालेलं असावं.

"काय सापडलं?" बाईंनी नणंदेला विचारलं.

"काही नाही. पण ही बोलून दाखवायची, विचारा तिला. माझी किडनी, माझी किडनी."

"बोलायचे," बायको म्हणाली. "मी त्यांना अटच घातली होती. माझ्या किडनीत मला विचारल्याशिवाय डोकेदुखीची गोळीसुद्धा जाणार नाही. सगळे हसायचे. तेही हसायचे, पण पाळायचे." ती बाईंकडे वळली. "बाई, पत्र गेलं तर माझं जे व्हायचं ते होईल. पण ज्याने हे केलं तो बाहेरच राहील ना? हे बरे होऊन घरी गेले की पुन्हा त्याच्याच हाती सापडतील. माझं दुसरं काही मागणं नाही. कोण ते शोधा."

काचेला तोंडाच्या उंचीवर एक जाळी होती, आतल्या माणसाशी बोलता यावं म्हणून. तिच्यातून आतला माणूस बाहेरचं सगळं ऐकू शकत होता. त्याने कूस बदलली.

बाई गाऊन, टोपी, मास्क चढवून आत गेल्या.

"दुसरी कुठली गोळी घेत होतात?"

कारागिराने मान हलवली. नाही.

"काढा? पूड? कुणी दिलेलं काही?"

नाही.

"बाहेर तुमच्या बायकोवर काय आळ आलाय, माहीत आहे?"

त्याने डोळे मिटले. बोलायला तोंड दुखत होतं हे खरं, पण मान हलवायला दुखत नव्हतं. ती मात्र आता हलली नाही.

तेवढ्यात सिस्टर त्याची रोजची गोळी घेऊन आली. कारागिराने चादरीवरचे दोन्ही हात उचलले, बोटं फाकवून अंगापासून लांब धरले, आणि तोंड उघडलं. सिस्टरने गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं.

"बघा बाई, किती लाड," सिस्टर म्हणाली. "हातात म्हणून घेत नाहीत. चिमणीच्या पिल्लासारखा आ करतात. घरी सवय लावून ठेवलीय कुणीतरी."

बाई बाहेर आल्या आणि बायकोला म्हणाल्या, "तुम्ही गोळ्या भरवता त्यांना?"

"मी?" बायकोला पहिल्यांदाच थोडं हसू आलं. "मी डबा पुढे करते. ते स्वतः काढतात, दोनदा मोजतात आणि मग गिळतात. भरवायला गेले तर रागावतील."

बाई डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसल्या आणि सहा वर्षांची फाइल पहिल्या पानापासून वाचू लागल्या. डॉक्टरांनी दोनदा घसा खाकरला. बाईंनी पान उलटायची गती वाढवली नाही.

"युरिक अ‍ॅसिड बघितलंत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तीन पॉइंट एक. तेवढंच एक चांगलं आहे."

"सहा वर्षांत ते कधी आठच्या खाली आलेलं नाही. इथे दोनदा लिहिलंय, उजव्या पायाचा अंगठा सुजला. किडनी तीच, बाकीची औषधं तीच, आणि हा एकच आकडा एकाएकी सुधारला?"

"बाई, रक्त बनत नाहीये आणि तुम्ही अंगठ्याचं काय घेऊन बसलात?"

"वाईट आकड्यांकडे सगळे धावले, चांगल्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. त्यांचं काम कुठे चालतं?"

कारखाना हॉस्पिटलपासून वीस मिनिटांवर होता. एक लांब खोली, वर काचेचं छप्पर, दोऱ्यांना टांगलेले कोरे पांढरे गोळे. मधे एक लाकडी घोडा, त्याच्यावर आसात बसवलेला मोठा गोल, खाली पायाने दाबायची फळी. फळी दाबली की गोल फिरतो.

घोड्यापाशी एकच माणूस उभा होता. पंचवीस वर्षांपासूनचा भागीदार. कोपरापर्यंत खळ लागलेली. नकाशाची ओली कागदी पट्टी दोन्ही हातांत तोलून तो ती गोलावर बसवत होता.

"या. बसा म्हणत नाही, कारण हात सोडता येत नाही," तो म्हणाला. "पट्टी वाळली तर समुद्र फाटतो."

बाई उभ्याच राहिल्या. "एकट्यानेच?"

"दोघांचं काम आहे. एक फिरवतो, एक चिकटवतो. दर तासाला आलटून पालटून. चार दिवस एकटाच मरतोय." त्याने हनुवटीने टेबलाकडे खूण केली. टेबलावर भरलेला कप होता, वर साय धरलेली. "चहासुद्धा गार होतो. हात खळीत, पाजणार कोण?"

"एरवी कोण पाजतं?"

"ज्याचे हात मोकळे तो. चहा, बिस्कीट, पाणी, काय असेल ते. खळीचा हात तोंडाला लावून चालत नाही, तिच्यात मोरचूद असतं, कागदाला कीड लागू नये म्हणून." पट्टी विषुववृत्तावर येऊन टेकली. त्याने सुटकेचा श्वास सोडला. "कसा आहे तो?"

"बरा नाही. काही औषध वगैरे घेत होते इथे?"

"तो? वहिनींच्या धाकात. नाव काढू नका."

बाई जवळ गेल्या. त्याच्या कानाच्या कडेवर कणीएवढ्या दोन-तीन पांढऱ्या गाठी होत्या. पायात सैल सपाता. भिंतीशी एक लाकडी खोकं होतं. वर कारागिराचं नाव, दोर बांधून पुन्हा सोडलेला, आत ब्रश, कात्र्या, शिशाची वजनं.

"हे कुठे निघालं होतं?"

"त्याचं आहे. दुसऱ्या शहरात गोल शिकवायची शाळा निघतेय. त्याला बोलावलंय. एक तारखेला जाणार होता." त्याने हात बादलीत बुडवले. "मग अशक्तपणा सुरू झाला. दोनदा तारीख पुढे ढकलली."

"तुम्हाला कधी सांगितलं?"

भागीदार हात धूत राहिला. बरेच धुतले. "सांगितलं नाही. मी एका सकाळी आलो, तर खोकं भरलेलं होतं."

"किती दिवस झाले?"

"महिना झाला असेल."

"हात पुसा आणि चला माझ्याबरोबर. त्यांना तुम्हाला बघून बरं वाटेल," बाई म्हणाल्या. "मी कोपऱ्यावरून गोळ्या घेऊन येते. डोकं दुखतंय."

कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं. दुकानदाराने बाईंना ओळखलं. धंद्यातल्या माणसांत त्यांचा दरारा होता.

"समोरचे गोलवाले? हो, येतात ना. भागीदाराला गाउट आहे, युरिक अ‍ॅसिडने सांधे सुजतात तो, वर्षानुवर्षं अ‍ॅलोप्युरिनॉल घेतात. महिन्याला तीन पट्ट्या."

"अजूनही तीनच?"

दुकानदाराने आठवलं. "दोन महिन्यांपासून सहा. मी म्हटलं, डोस वाढवला का? तर म्हणाले, एक जण आणखी आहे."

बाईंनी त्याला आणखी एक प्रश्न विचारला. दुकानदाराने उत्तर दिलं आणि दिवसही सांगितला, कारण त्या दिवशी त्याच्या मुलीचा निकाल होता. ते ऐकल्यावर बाईंचं डोकं खरंच दुखू लागलं.

पावणेचारला सगळे काचेपाशी जमले. डॉक्टरांच्या हातात पत्र होतं, सही व्हायची होती. बायको उभी होती, नणंद बसून होती, भागीदार जाळीतून आत बघत होता. आत सिस्टरने कारागिराला उशांवर बसतं केलं होतं.

"हिने जास्त गोळ्या दिल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "कुणीच जास्त दिल्या नाहीत. रोज दोनच गेल्या."

"मग असं झालं कसं?" नणंद म्हणाली.

"मोरीत नळ सोडलाय, धार रोजचीच. पण मोरीचं भोक कुणी बोळा घालून बुजवलं तर? पाणी घरात शिरणारच. अ‍ॅझाथायोप्रिन पोटात गेलं की शरीर ते मोडून बाहेर टाकत असतं. अ‍ॅलोप्युरिनॉल, म्हणजे गाउटची गोळी, नेमकी तीच वाट बंद करते. दोन्ही एकत्र द्यायची वेळ आलीच, तर डॉक्टर पहिली पाव हिश्श्यावर आणतात आणि दर आठवड्याला रक्त बघतात. इथे कुणालाच पत्ता नव्हता. औषध साठत गेलं आणि मगज बंद पडला."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "युरिक अ‍ॅसिड."

"गाउटच्या गोळीशिवाय ते तीनवर येत नाही. आता ही गोळी दिली कुणी? घरी नाही, कारण घरी हे स्वतःच्या हाताने मोजून घेतात. पण इथे गोळी दिसली की हात बाजूला धरतात आणि तोंड उघडतात. ज्याचे हात रोज खळीत असतात, त्याचीच ही सवय. आणि खळीचे हात असताना भरवणारं माणूस एकच आहे. कानावर गाउटच्या गाठी आहेत त्याच्या."

सगळ्यांच्या माना वळल्या. भागीदाराने हात वर केले.

"हो, दिली. लपवतोय कुठे? त्याचा अंगठा सुजला होता, फळी दाबताना डोळ्यांतून पाणी यायचं. मला ज्या गोळीने बरं वाटतं ती त्याला दिली. रोज अकराला, माझ्याबरोबर. तोच म्हणाला, घरी सांगू नकोस. मला काय ठाऊक ती अशी बाधेल?"

"लपवत नाही म्हणता, मग सकाळी मला का नाही सांगितलंत?"

"घाबरलो. चूक झाली. वहिनी, मला माफ करा, मी अडाणी माणूस."

बायको त्याच्याकडे बघत होती. माफ करायच्या बेतात होती असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. चूक म्हटल्यावर माणूस विरघळतोच.

"पहिले पाच आठवडे चूकच होती," बाई म्हणाल्या. "दोस्तीत झालेली. मीही ती चूकच म्हणाले असते. पण आजपासून बावीस दिवसांपूर्वी तुम्ही दुकानदाराला एक प्रश्न विचारलात. किडनी बदललेल्या माणसाला ही गोळी दिली तर चालेल का? तो म्हणाला, अ‍ॅझाथायोप्रिन चालू असेल तर मुळीच नाही, रक्त कमी होईल, माणूस गळून जाईल. तुम्ही म्हणालात, एका नातेवाइकासाठी विचारतोय. आणि तिथेच, त्याच काउंटरवर, पुन्हा सहा पट्ट्या घेतल्यात."

भागीदाराने वर केलेले हात खाली घेतले.

"तीनच घेतल्या असत्यात तर आज मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते. त्या दिवसानंतरही रोज अकराला तुम्ही त्यांच्या तोंडात गोळी घातलीत. का?"

"मला त्याला मारायचं नव्हतं," भागीदार जाळीकडे तोंड करून म्हणाला. तो आता फक्त आतल्या माणसाशी बोलत होता. "शपथेवर सांगतो. तुला थकवा आला आणि तू तारीख पुढे ढकललीस. मला वाटलं, थकलेला माणूस कुठे जात नाही. थोडे दिवस थकलेला राहिलास तर ती शाळा दुसरा कुणी बघेल. पंचवीस वर्षं तू माझ्या हातून खाल्लंस, मी तुझ्या हातून. आणि तू जातोयस हे मला एका खोक्याने सांगितलं."

कारागिराचे ओठ फुटलेले होते. तरी तो बोलला. "अकराला... मी घड्याळ बघायचो. तू विसरू नयेस म्हणून."

एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. भागीदार बाकावर बसला आणि पोलीस येईपर्यंत उठला नाही. डॉक्टरांनी हातातलं पत्र फाडलं आणि दुसरं लिहायला घेतलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. बाई तर जिन्याकडे निघाल्याही होत्या. पण बायको जाळीपाशी गेली.

"अहो, ही गोळी घेतल्याचं तुम्ही सोमवारपासून लपवत होतात ना?"

आतून आवाज आला. "हो."

"ताई इथे बसून बोलत होत्या ते सगळं ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"पोलिसांचं?"

"तेही."

"मग?"

"तुला कळलं असतं, मी शब्द मोडला. तू चिडली असतीस. आणि त्याला धरलं असतं. मला वाटलं, तुझं काही निघणार नाहीच, आपोआप मिटेल."

बायकोने काचेवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"डॉक्टरांनी किडनीचं विचारलं तेव्हा मी तिथेच, उभ्या उभ्या हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला एक वाक्य बोलायला चार दिवस पुरले नाहीत. भावजींनी दगा दिला तो तुम्ही निघालात म्हणून. मी तर कुठेच निघाले नव्हते हो."

तो पुन्हा पुन्हा तिचं नाव घेत राहिला. ती जाळीपासून बाजूला झाली.

सिस्टर कागद घेऊन आली. पेशंट वाचणार अशी आता आशा होती. घरी गेल्यावर काळजी घेणाऱ्या व्यक्तीचं नाव लिहायचं होतं. तिने सवयीने बायकोपुढे पेन धरलं.

"ताईंचं लिहा," बायको म्हणाली. "मी माझ्या बहिणीकडे राहायला जाते आहे."

नणंद उठली. तिचं तोंड उतरलं होतं. "अगं, मला त्यातलं काय कळतं? माझं चुकलं, मी पाया पडते तुझ्या. पण असं सोडून जाऊ नकोस."

"कळेल. अवघड नाही," बायको म्हणाली, आणि नणंदेला खाली बसवून तिच्या शेजारी, बाकाच्या मधल्या रिकाम्या जागेत बसली. "आठवड्याला रक्त तपासायचं, दर सोमवारी, उपाशीपोटी. ताप अडतीसच्या वर गेला तर उद्याची वाट बघायची नाही, तडक इथे आणायचं. पाणी दिवसाला अडीच लिटर, ते स्वतःहून पीत नाहीत, मागे लागावं लागतं. नवी गोळी कुणी दिली, अगदी डॉक्टरांनी जरी, तरी आधी खाली या बाईंना दाखवायची."

नणंद रडत पिशवीत कागद शोधत होती. बाईंनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं.

बायको थांबली, नणंदेने कागद मांडीवर नीट धरेपर्यंत. मग तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, लिहून घेता येईल इतक्या सावकाश.